हौसाआत्याची आवराआवर

"बाई, ह्यो तर लग्नाचा शालू हाय," बोहारीण म्हणाली. अर्धवट उलगडलेली घडी तिनं मांडीवर तशीच ठेवली आणि हात मागं घेतले.

"हाय की. मी कुठं टॉवेल म्हटलं?" हौसाआत्या म्हणाली. "जर बघ. अस्सल आहे. त्या मोठ्या पातेल्यावर झाकणपण पाहिजे मला."

बोहारणीनं आत्याच्या कपाळाकडं पाहिलं, मग गळ्याकडं. कपाळावर टिकली होती, गळ्यात डोरलं होतं.

"मालक हायती न्हवं तुमचं? मग सवाष्णीनं शालू देऊ न्हाई. जाताना अंगावर घालायला जपून ठेवत्यात बायका."

"म्हणूनच देतेय," आत्या म्हणाली. "झाकण दे."

मी दाराला टेकून हे ऐकत होते. आदल्या दिवशीच कराडला आले होते आणि आल्यापासून त्या घरातून नुसत्या वस्तू बाहेर जाताना बघत होते. बोहारीण शालू गाठोड्यात घालून जिना उतरली. खाली पोचेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. गावात ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी तिचा आवाज ऐकू यायचा, त्यामुळे कराडात तिला तोंडावरून कमी आणि आवाजावरून जास्त लोक ओळखायचे. निवृत्त झाली आणि पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. "दिवाळी बघाल," एवढंच म्हणाले. आत्या दवाखान्यातून घरी आली, स्वतःपुरता चहा केला आणि माळ्याला शिडी लावली.

ही बातमी आमच्या गावी आबांना कळली. माझ्या वडिलांना आम्ही सगळे आबाच म्हणायचो, आत्यासुद्धा. मी तेव्हा साताऱ्याला बी.एड. करत होते, सुट्टीला घरी आले होते. आबांनी मला बोलावून घेतलं.

"उजा, तू जाऊन राहा तिच्यापाशी. ती घर मोकळं करायला लागलीया म्हनं. असलं अभद्र करू द्यायचं न्हाई. मानूस जिवंत असताना घर रिकामं केलं, की घरच मानसाला बाहेर ढकलतं."

म्हणजे मी गेले ती आत्याला थांबवायला. पहिल्याच दिवशी तिनं मला शिडीवर चढवलं.

तिची पद्धत साधी होती. ती स्वतः खाटेच्या कडेला बसायची, मी एकेक वस्तू तिच्यासमोर धरायचे आणि ती नाव सांगायची. शिलाई मशीन समोरच्या नसीमाभाभींच्या सुनेला. रेडिओ सोसायटीच्या वॉचमनला. लोकरीच्या रजया एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला, कारण तिला थंडी फार वाजते. फोटोंचा अल्बम तिनं फाडला नाही की जाळला नाही. एकेक फोटो सोडवून ज्याचा त्याला पोचता केला. ज्यांचे फोटो होते ते लोक दारात येऊन रडायला लागायचे. मग आत्या वैतागायची.

"आत्या, हे नंतर आम्ही केलं असतं की," मी एकदा म्हणाले.

"नंतर तुम्ही 'आठवण' म्हणून घेऊन जाणार आणि आपल्या माळ्यावर टाकणार. आता दिलं तर माणसाला 'नको' तरी म्हणता येतं. काल जोशीकाकू तोंडावर म्हणाल्या, हौसाताई, तुमचा मिक्सर फार आवाज करतो, मला नको. बरं वाटलं मला."

"मग हे एवढं मोठं पातेलं कशाला घेतलंस? सगळं देऊन टाकतेस आणि नवं घेतेस."

"रविवारी जेवण आहे."

"कसलं?"

"माझ्या तेराव्याचं."

मी शिडीवरच बसले.

"तोंड मिट," आत्या म्हणाली. "तेराव्याला गोडाचं करतात, मला गोड आवडत नाही. शिवाय मी तिथं नसणार. तेव्हा मी असताना करायचं, आणि मटण करायचं. गच्चीवर. नसीमाभाभीला सांगितलंय, रस्सा ती करणार आहे."

रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा. आज काय काय दिलं ते मी सांगायचे आणि ते पलीकडून सुस्कारे टाकायचे. त्या दिवशी शालूचं सांगितलं. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

"आबा, रविवारी ये जेवायला. आणि येताना निकमांना घेऊन ये."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, "हो, त्यांनाच. बाजीराव निकमांना. शुद्धीत आहे मी. घेऊन ये."

तिनं फोन ठेवला आणि मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाजीराव निकम म्हणजे आत्याचा नवरा. लग्न झालं तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. ते साखर कारखान्यात कारकून होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी कोल्हापुरात दुसऱ्या बाईबरोबर बिऱ्हाड केलं, आणि आत्या सासूची दुखणी काढत घरात राहिली. शेवटी सासूच म्हणाली, पोरी, तू जा. आबा जाऊन तिला घेऊन आले. पण आणताना त्यांनी तिला एक गोष्ट बजावली: काडीमोड मागायचा नाही, गळ्यातलं काढायचं नाही, नाव लावत राहायचं. नांदत नाही एवढंच लोकांना कळलं तर चालेल. टाकलेली म्हणता कामा नये. आत्यानं ऐकलं. मॅट्रिक पुरी केली, नोकरी धरली आणि त्या माणसाचं आडनाव लावून सगळी नोकरी केली. निकम या सगळ्या वर्षांत एकदाही कराडला आले नव्हते.

"त्या माणसाला कशाला बोलावलंस?" मी विचारलं. "इतक्या वर्षांनी? आता तुझी ताकद गेल्यावर?"

"काम आहे."

"काय काम?"

"रविवारी कळेल. कांदे किती आणायचे ते सांग आधी."

रविवारी गच्चीवर चादरी बांधून सावली केली. एक्स्चेंजमधल्या बायका आल्या, सोसायटीतली सगळी बिऱ्हाडं आली. नसीमाभाभी सकाळपासून चुलीपाशी होत्या. कुणालाच कसं वागावं ते कळत नव्हतं. हसावं तर बरं दिसेना, आणि रडायला लागलं की आत्या भाकरी वाढायला पाठवायची. ती स्वतः खुर्चीत बसली होती. अंगावर साधं निळं सुती लुगडं, केस विंचरलेले, चेहरा हळदीसारखा पिवळा. डॉक्टरांनी बंद केलेला रस्सा तिनं वाटीत घेतला आणि दोन घोट प्यायली. "मीठ कमी आहे," म्हणाली. नसीमाभाभींनी रडत रडत मीठ घातलं.

आबा दुपारी जीप घेऊन आले. त्यांच्यामागून बाजीराव निकम जिना चढले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मनात धरलेला माणूस उंच आणि मग्रूर होता. समोर आला तो थकलेला म्हातारा, सफारी घातलेला, काठी टेकत येणारा. ती कोल्हापूरची बाई चार वर्षांपूर्वी वारली होती, हे आबांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. आबांच्या हातात एक पिशवी होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, कुंकवाचा करंडा.

"देवानं ऐकलं बघ, उजा," आबांचे डोळे भरले होते. "तिनं आपनहून बोलावलं त्यांना. आता ती अहेव जाईल, नवऱ्याच्या हातनं. मी तिला तिकडनं आनली तवापास्नं गावात मान वर करून चाललो न्हाई गं. आता कोन काय म्हनंल?"

मला आबांचा राग आला, आणि कणवही आली. ते खोटं बोलत नव्हते. बहिणीला मिळेल तेवढं चांगलं मरण त्यांना हवं होतं, आणि त्यांना माहीत असलेलं चांगलं मरण हेच होतं.

निकमांना पानावर बसवलं. आत्यानं स्वतः खुर्चीतून उठून त्यांना भाकरी वाढली. सगळी गच्ची बघत होती. ते खाली मान घालून जेवले. हात धुऊन झाल्यावर ते आत्याच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हौसा, मी चुकलो. आता शेवटचं तरी नीट करू दे. तू म्हणशील तर घरी नेतो. नाहीतर इथं येऊन राहतो. तुझं सगळं मी करीन."

आबांनी डोळे पुसले. दोन-तीन बायकांनीही पदर लावला.

"पोटभर जेवलात ना?" आत्यानं विचारलं.

"जेवलो."

"रस्सा तिखट नव्हता ना?"

"नाही, नाही. झकास होता."

"मग आता एक सही करा." तिनं माझ्याकडं हात केला. "उजे, उशाखालचा कागद आण."

कागद आणताना मी तो वाचला. मेडिकल कॉलेजचा देहदानाचा अर्ज होता. आत्यानं तो कधीच भरून ठेवला होता. खाली जवळच्या नातेवाइकाच्या संमतीची जागा तेवढी रिकामी होती.

"मी कॉलेजात जाऊन आले," आत्या सांगत होती. "ते म्हणाले, तुमची सही झाली तरी घरच्यांनी नाही म्हटलं तर आम्ही नेत नाही. मी म्हटलं भावाची आणते. ते म्हणाले, नवरा हयात आहे का? मग आधी नवऱ्याची लागेल. तर ही ती जागा."

निकमांनी कागद डोळ्यांजवळ धरला. आबा ताडकन उठले.

"हौसा! चिरायला देनार व्हय स्वतःला? पोरांच्या हातात? ना अग्नी, ना पानी?"

"मेल्यावर चिरणार आहेत, आबा. जिवंतपणी चिरली तेव्हा तूच म्हणालास, सोस."

आबा उभेच राहिले. 

निकमांनी कागद खाली ठेवला. "मी ह्याच्यावर सही करणार नाही. अग्नी मी देणार. तेवढा हक्क आहे माझा. काही झालं तरी नवरा आहे मी तुझा. तू तरी कुठं विसरलीस? अजून माझं डोरलं आहे तुझ्या गळ्यात."

आत्या हसली. आजारपणात ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

"हे होय? हे तुमचं नाही. तुमचं मी तुमच्याच आईच्या औषधासाठी मोडलं, तुम्ही कोल्हापुरात होता तेव्हा. हे मी माझ्या पगारातून केलं. रात्रपाळीला एकटी जायची ना मी. रस्त्यात कुत्री मागं लागू नयेत म्हणून माणूस हातात काठी धरतो. तशी ही काठी गळ्यात घातली." तिनं दोन्ही हात मानेमागं नेले. फासा सुटेना. एक्स्चेंजमधल्या एका बाईनं पुढं होऊन सोडवून दिला. आत्यानं डोरलं माझ्या ओंजळीत टाकलं. "मोडून कानातलं कर तुला. माझी ड्यूटी संपली."

रस्सा वाढणारे हात पातेल्यावरच थांबले होते.

"असं करू नको, हौसा," निकम म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "माझं वय झालंय. मला मूल नाही. माझ्या हातून एवढं तरी पुण्य होऊ दे."

"तुमच्या पुण्यासाठी मी का जळू?"

निकमांनी आबांकडं पाहिलं. आबांनी मान वळवली.

"तुम्ही गेलात तेव्हा मला विचारलं नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. फोनवर नंबर सांगताना असायचा तसाच होता. "आता मला जायचंय, तर तुमची परवानगी लागते म्हणे. हे मी ठरवलेलं नाही, नियम आहे. मी या घरातलं चमच्यापासून सगळं ज्याचं त्याला दिलं. एवढा देह राहिला. तो कुणाला द्यायचा ते मीच ठरवणार. करा सही. मला बसायला वेळ आहे. तुम्हाला उजेडात परत जायचंय."

ती बसून राहिली. तिला बसवत नव्हतं हे मला दिसत होतं. पोटाशी धरलेला हात पदराखाली घट्ट झाला होता. पण ती हलली नाही, आणि गच्चीवरचं एकही माणूस खाली उतरलं नाही. नसीमाभाभी चुलीपासून उठून आल्या, पदराला हात पुसले आणि आत्याच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

निकमांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

कागद माझ्याकडं देताना त्यांनी विचारलं, "मग तू गेल्यावर मी काय करायचं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "सवय आहे तुम्हाला."

आबा पिशवी उचलून जिना उतरले. जाताना मला म्हणाले, "तिला सांग, आता मी येनार न्हाई. मेली तरी न्हाई." निकम त्यांच्यामागून हळूहळू गेले.

आबांनी शब्द पाळला. त्यांचा रोजचा फोनसुद्धा बंद झाला. मी बी.एड.च्या कॉलेजातून रजा घेऊन आत्यापाशीच राहिले. घर इतकं मोकळं झालं होतं की बोललं तर आवाज घुमायचा. एक खाट, एक माठ, दोन ताटं. जेवणखाण शेजारून यायचं. दुखणं वाढलं तसा आत्याचा चिडका स्वभावही वाढला. इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सला ती रोज उशीर केल्याबद्दल बोलायची, आणि रोज तिला थांबवून तिच्यासाठी शेजारून चहा मागवायची. आबांचं नाव तिनं एकदाच काढलं. म्हणाली, "तो मला न्यायला आला तेव्हा सासूसमोर उभा राहून म्हणाला होता, माझी बहीण मी नेतो. केवढा वाटला होता मला तेव्हा." मग भिंतीकडं तोंड करून झोपली.

नवरात्र बसलं त्या आठवड्यात एका सकाळी ती गेली. मी तिला पाणी पाजत होते. पाणी ओठातून परत आलं.

तिनं सांगून ठेवल्याप्रमाणं मी आधी मेडिकल कॉलेजला फोन केला. मग आबांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

गाडी यायच्या आधी आबा आले. बरोबर भावकीतल्या चार बायका आणि हातात तीच पिशवी. जिन्यात सोसायटीतली माणसं उभी होती, ती बाजूला झाली. मी दारात उभी होते.

"हो बाजूला," आबा म्हणाले. "गाडीतनं न्यायची ती न्या. पर आधी तिला हिरवं नेसवू दे. चुडा भरू दे. कुंकू लावू दे. एवढं केल्याबिगार माझी भन या घरातनं जानार न्हाई."

मागच्या बायका लगेच म्हणाल्या, "व्हय की. सवाष्ण बाई. उघड्या कपाळानं न्यायची व्हय? लोक काय म्हनतील?"

मी आबांना आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात ती रीतच नव्हती. मी दोन्ही हात चौकटीला लावले.

"नाही, आबा."

"उजा!"

"तिनं नाही म्हटलंय. सगळ्यांसमोर गळ्यातलं काढलंय, तुम्ही होता तिथं. मी आत येऊ देणार नाही. तुम्हाला एकट्याला देईन. पिशवीला नाही."

आबांनी हात उगारला नाही, ओरडलेही नाहीत. माझ्या खांद्यावरून त्यांना आतली खोली दिसत होती. पूर्ण मोकळी खोली, आणि मध्ये खाटेवर निळ्या लुगड्यातली आत्या. एवढीशी झाली होती. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या हातातली पिशवी कधी खाली टेकली ते त्यांनाही कळलं नसावं.

"मडकं न्हाई धरायचं," ते हळू म्हणाले. "लाकडं न्हाईत. पानी न्हाई सोडायचं. मग मी करू काय, उजा? माझी भन गेलीया. मला कायतरी करू दे की."

तेवढ्यात खाली गाडी आली. कॉलेजची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर चढली, पण जिन्याच्या अरुंद वळणावर ते वळेना. खालीवर, आडवंतिडवं करून पाहिलं. त्यातला एक जण म्हणाला, "उचलून न्यावं लागेल. कुणी घरचं आहे का?"

"मी हाय," आबा म्हणाले.

त्यांनी पायताणं काढली आणि माझ्या हाताखालून आत गेले. सत्तरीच्या घरातला माणूस. त्यांनी एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्याखाली, आणि तिला उचललं. ती माणसं मदतीला पुढं झाली तर मानेनंच नको म्हणाले. मी चौकटीवरचे हात काढले.

जिन्यात त्या भावकीतल्या बायकांपैकी एकीनं वाट अडवली. तिच्या चिमटीत कुंकू होतं. "आबासाहेब, निदान बोट तरी टेकवू द्या."

आबा थांबले. छातीशी धरलेल्या बहिणीच्या चेहऱ्याकडं त्यांनी पाहिलं.

"बाजूला व्हा," ते म्हणाले. "माझी बहीण मी नेतो."

बाई भिंतीला लागली. आबा एकेक पायरी उतरत गेले. श्वास लागला होता, घाम डोळ्यांत उतरत होता, पण मध्ये कुठं त्यांनी तिला टेकवलं नाही. खाली गाडीत तिला ठेवलं, लुगड्याचा काठ सारखा केला आणि दार स्वतः लावलं.

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. आबाही राहिले नाहीत. पण त्या सकाळचा तो रस्ता मला अजून तसाच दिसतो. जमलेली माणसं सवयीनं नदीकडं वळली होती, कराडात मयत तिकडंच जातं. गाडी तिकडं गेली नाही. ती डावीकडं वळून कॉलेजच्या रस्त्याला लागली, तशी माणसं गोंधळून जागच्या जागी थांबली. आबा थांबले नाहीत. अनवाणीच होते. गाडीमागून ते त्याच रस्त्यानं चालू लागले, मान वर करून.